वरून आलेला फोन

सरकारी बँकेत शाखाधिकारी झालेल्या माणसाला सिक लीव्हचे अर्ज भरपूर वाचायला मिळतात. अर्जाला जोडलेल्या सर्टिफिकेटांवरचे आजार मला आजही पाठ आहेत. व्हायरल फीव्हर. ॲक्यूट गॅस्ट्रो. लंबर स्पाँडिलोसिस, म्हणजे पाठ. ३१ मार्चचं क्लोजिंग उरकलं की एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात निम्म्या तालुक्यातल्या बँकवाल्यांच्या पाठी एकदमच धरायच्या. नैराश्य, चिंता, झोप उडणं असलं काही लिहिलेलं सर्टिफिकेट मात्र उभ्या नोकरीत माझ्या टेबलावर मंजुरीला आलं नाही.

आजार नव्हते असं थोडंच आहे. आमच्या एका क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये स्टॅम्प पॅडशेजारी गोळ्यांची एक पट्टी असायची. नाव वाचून मला कळलं ती कशावरची, कारण तशीच पट्टी आमच्या घरी सासूबाईंच्या उशाशी बरीच वर्षं होती. त्याच्या रजेच्या अर्जावर टायफॉईड होता. तपासून घ्यायचं ते जिल्ह्याच्या गावी, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे, आणि सर्टिफिकेट आणायचं ते गल्लीतल्या डॉक्टरकाकांचं, अशी रीतच पडून गेली होती. मी टायफॉईड मंजूर केला. पट्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्याची भीती खोटी नव्हती. रीजनल ऑफिसात एकदा कुणी ‘त्याचं जरा डोक्याचं आहे म्हणे’ असं कुजबुजलं, की पुढची सगळी वर्षं माणूस ते ओझं वागवतो. याला कॅशला बसवू नका. याला कर्जमंजुरीचे अधिकार नकोत. प्रमोशनच्या इंटरव्ह्यूत उघड कुणी विचारत नाही, पण मार्क कुठे कापले गेले ते सगळ्यांना समजतं. हृदयाचं बायपास करून आलेल्या साहेबाला हेच लोक नारळपाणी आणून देतात, लिफ्टपर्यंत सोडायला जातात.

कागदावर आपल्याकडे चांगला कायदा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. मनाचा आजार आणि शरीराचा आजार यांना एकाच मापाने मोजा, विमाही तसाच द्या, असं तो स्पष्ट सांगतो. विमा नियामकाने कंपन्यांना हे २०१८ मध्ये बजावलं आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं, यावरून काय ते समजावं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं दिसलं. बहुतेक विकारांत शंभरातले सत्तर ते ब्याण्णव रुग्ण उपचारांपर्यंत पोचतच नव्हते. आमच्या शाखेत बारा जणांचा स्टाफ होता. पुढचा हिशेब बँकवाल्यांना शिकवायला नको.

पण मला कायद्याबद्दल फार बोलायचं नाही. ‘लीडरशिप’ नावाच्या प्रकाराबद्दल बोलायचंय. आमच्या ट्रेनिंग कॉलेजात त्याचे वर्ग असत. सहानुभूती, संवाद, सकारात्मकता, असे शब्द पडद्यावर उजवीकडून सरकत यायचे. अलीकडे त्यात ‘वेलनेस’ आला. २१ जूनला योगदिनाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. ताण कसा हाताळावा यावर एचआरचं वेबिनार, तेही शनिवारी, कामाचा शनिवार असेल तर दुपारी साडेतीनला, म्हणजे नेमकं कॅश बंद करायच्या वेळी. मी ते म्यूटवर लावून डे-एंडची कामं करत असे. बहुधा सगळेच करत असावेत.

ताण हाताळायला शिकवणारे लोक ताण येतो कुठून यावर कधी बोलत नाहीत. आमच्याकडे त्याची ठरलेली वाट आहे. आकडा मुंबईत ठरतो. झोनल ऑफिसात आला की झोनलवाले आपण कमी पडू नये म्हणून त्यात थोडी भर टाकतात. रीजनला आला की तिथेही तेच. असा प्रत्येक मजल्यावर फुगत फुगत तो शाखेत पोचतो तेव्हा त्याला जन्म देणाऱ्यानेही ओळखला नसता. मग ‘लॉगिन डे’ येतो. त्या दिवशी अमुक इतके विमे, अमुक इतकी अटल पेन्शनची खाती झालीच पाहिजेत. दर तासाला ग्रुपवर आकडा टाकायचा. ‘निल’ टाकलं की दोन मिनिटांत फोन. संध्याकाळी व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. व्हीसीत पडद्यावर शाखांची उतरंड लागलेली असते, खालच्या दहा शाखा लाल रंगात. त्या दहा जणांना एकेकाला अनम्यूट करायला सांगायचं आणि दोनशे जणांदेखत विचारायचं, “मॅडम, पगार कशाचा घेता?”

आता हे ऐकून घेतल्यावर शाखाधिकारी काय करतो? काचेच्या केबिनमधून बाहेर बघतो. काउंटरवर एक क्लार्क आहे, पासबुक प्रिंटर अडकलाय, समोर सतरा माणसं. दोनशे जणांसमोर ऐकून घेतलेलं तो त्या क्लार्कला ऐकवतो. क्लार्क ते घरी नेतो.

या पद्धतीने आकडे मिळत नाहीत असं नाही. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली, त्या एका दिवसात देशभर दीड कोटी खाती उघडली. पुढे शून्य शिल्लक असलेल्या खात्यांचं प्रमाण कमी करा म्हणून दट्ट्या लागला, तेव्हा काही ठिकाणी बँकेच्या माणसांनीच खात्यांत एकेक रुपया टाकला. २०१६ मध्ये हे वर्तमानपत्रात छापून आलं आणि बाहेरच्या लोकांना त्याचं फार आश्चर्य वाटलं. आत बसलेल्यांना वाटलं नाही. २०२३ मध्ये कोलकात्यातल्या एका खाजगी बँकेचा अधिकारी ऑनलाइन मीटिंगमध्ये हाताखालच्यांवर ओरडतानाचा व्हिडिओ देशभर फिरला, बँकेने त्याला निलंबित केलं. मी तो पाहिला. माणूस किंचाळत होता हे खरंच. पण मला सारखं वाटत होतं, याच्या आधी अर्ध्या तासाने याच्यावर कोण किंचाळलं असेल? तो व्हिडिओ कुणी काढला नाही.

आणि हे फक्त बँकेत नाही. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या कंपनीत लागलेली तरुण चार्टर्ड अकाउंटंट मुलगी चार महिन्यांत गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेलं पत्र सगळ्यांनी वाचलं. कामाच्या तासांवर आठवडाभर चर्चा झाली. मला त्यातलं एकच वाक्य टोचत राहिलं, की अंत्यसंस्काराला ऑफिसातून कुणीही आलं नव्हतं. आपल्याकडे भांडण असलेला भाऊबंदसुद्धा मयताला येतो.

आमचे एक रीजनल मॅनेजर होते. स्वभावाने तिरसट. कागदपत्रात खोट दिसली तर फाईल अशी सरकवायचे की टेबलाच्या पलीकडे पडावी. “छान काम केलंत” हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले असतील तर मला भेटावं. पण त्यांच्या तीन वर्षांत आमच्या रीजनमधून बाहेर बदली मागणारे अर्ज कमी झाले होते, आणि त्याचं कारण सगळ्या शाखांना ठाऊक होतं.

ते चार वाजेपर्यंत कुठल्याही शाखेला फोन करत नसत. ग्राहक समोर असताना मॅनेजरने फोनवर मान हलवत बसू नये, असं त्यांचं म्हणणं. झोनकडून टार्गेटचं पत्र आलं की ते तसंच्या तसं पुढे ढकलायचे नाहीत. शाखानिहाय बसून आकडे पाडायचे. साखर कारखान्याच्या गावाला एक, नुसत्या कोरडवाहू गावाला दुसरा. बेरीज झोनच्या आकड्यापेक्षा कमी आली तर ते झोनला लेखी कळवायचे, की इतकंच होईल, कारण असं असं आहे. आम्हाला मीटिंगमध्ये सांगायचे, “हे पत्र तुम्हाला दाखवणं माझं काम आहे, म्हणून दाखवतोय. पीक कर्जाचा आकडा खरा धरा, त्यात सबब चालणार नाही. क्रेडिट कार्डाचं माझं मी बघतो.” एखाद्या पुढाऱ्याने मॅनेजरविरुद्ध तक्रार केली तर इतर साहेब आधी खुलासा मागवत, सात दिवसांत, लेखी. हे आधी फोन करत. “काय हो मॅडम, काय झालं नक्की? सगळं सांगा, गाळू नका.” मग चूक आमची असेल तर खरडपट्टी, नसेल तर पुढाऱ्याला उत्तर ते स्वतः द्यायचे.

त्यांना पुढचं प्रमोशन मिळालं नाही. आहे त्याच स्केलमध्ये ते निवृत्त झाले. हे मुद्दाम सांगतेय, कारण व्यवस्थापनावरच्या पुस्तकांत अशा माणसाची नेहमी भरभराट होते.

खालच्याला वाचवायचं तर वरच्याचा रोष घ्यावा लागतो, आणि तो रोष पगारात, पोस्टिंगमध्ये, मुलांच्या शाळा बदलण्यात मोजून द्यावा लागतो. हे ज्याला परवडत नाही त्याने प्रेमळ बोलूनही फारसा उपयोग नाही. गोड आवाजात मध्यरात्री आकडा मागणारे साहेबही मी पाहिलेत. बायकांना ‘ताई’ म्हणायचे.

आता नोटाबंदीचं सांगते. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता घोषणा झाली, नऊ तारखेला बँका लोकांसाठी बंद, दहा तारखेला दार उघडलं तेव्हा रांग गावाच्या वेशीपर्यंत. तो शनिवार-रविवारही बँका चालू होत्या. आठवडाभर कुणाच्या अंगाला स्वस्थता नव्हती. जुन्या नोटांना वास यायचा. ज्वारीच्या कणगीतून, डब्यातल्या डाळीतून, लुगड्यांच्या घडीतून निघालेल्या त्या नोटा. काही ओलसर, मशीनमध्ये घातल्या की अडकायच्या, म्हणून हाताने मोजा. आणि नव्या दोन हजाराच्या नोटा इतक्या कोऱ्या, की एकमेकींना चिकटून राहायच्या.

त्या चिकटण्यानेच घात केला. नोटा बदलून देण्याच्या काउंटरवर आमची सगळ्यात लहान कॅशियर होती, लग्न होऊन सहा महिने झालेली. संध्याकाळी कॅश बसेना. चौदा हजारांची तूट. चौदा हजार म्हणजे दोन हजाराच्या सात नोटा, कुठेतरी दोनऐवजी तीन गेल्या असणार, तेही वेगवेगळ्या सात लोकांना. आमचे हेड कॅशियर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले, “पुन्हा मोजू.” बंडलं सोडली. मशीनने मोजली, हाताने मोजली. मग प्रत्येक फॉर्म स्क्रोलशी, म्हणजे दिवसाच्या नोंदींच्या यादीशी, ताडून टिक करत गेलो. शिपाईमामांनी तोवर दोनदा चहा केला. रात्री साडेनऊला सगळं तपासून संपलं, तूट तिथेच.

नियम असा, की कॅश ज्याच्या हाती, तूट त्याची. तिने काही न बोलता पर्समधून एटीएम कार्ड काढलं. चेहऱ्यावर रडू वगैरे नव्हतं, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. अण्णांनी ते कार्ड तिच्या हातातून घेतलं आणि तिच्या पर्समध्ये परत ठेवलं. मग खिशातून स्वतःचे दोन हजार काढून टेबलावर ठेवले. कुणाला सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी टाकले, कुणी पाचशे, कुणी हजार, त्यातही जुनी नोट कुणी टाकू नये म्हणून एकच हशा. उरलेले माझे. अशी वर्गणी कुठल्या सर्क्युलरमध्ये बसत नाही, आणि कॅशियरच्या खिशातून तूट भरून घेणं मला आजही अन्यायच वाटतं. पण आठ तासांच्या जागी तेरा तास नोटा मोजणाऱ्या मुलीला त्या रात्री एकटीने घरी पाठवायचं नव्हतं.

खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळचा होता. कॅशला बसवायचं कुणाला? तिला उठवून दुसऱ्या सीटवर टाकलं असतं तर गावभर झालं असतं, की हिने पैसे घालवले. बसवलं असतं तर हात थरथरले असते. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “बसते मॅडम. पण दोन वाजेपर्यंत. पुढे मला नोटा दिसतच नाहीत, नुसते रंग दिसतात.” दोननंतर अण्णा बसले. शिवाय तिनेच सुचवलं, की दर दोन तासांनी पाच मिनिटं काउंटर थांबवून मधला हिशेब करू. रांगेतले लोक ओरडले. ओरडू दिले. त्यानंतर फरक आला तर दुपारीच कळायचा, कारण सांगायची भीती गेली होती. “मॅडम, एक नोट जास्त गेली वाटतं,” असं कॅशियर ताबडतोब येऊन सांगते, ती शाखा सुरक्षित. बँकेतले मोठे घोटाळे बहुतेक वेळा एका छोट्या, लपवलेल्या चुकीपासून सुरू होतात, हे कुठलाही जुना ऑडिटर सांगेल.

पुढे वाचनात आलं, की हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात इस्पितळांमध्ये हेच दिसलं होतं. परिचारिकांच्या चांगल्या तुकड्यांत औषधांच्या चुका कमी असतील अशा अपेक्षेने त्या गेल्या, आणि आकडे उलटे आले. चांगल्या तुकड्यांत चुकांची नोंद जास्त. चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या.

आणि ‘पुढे मला नुसते रंग दिसतात’ म्हणणाऱ्या मुलीला तिचे तास ठरवू देणं याचाही एक जुना अभ्यास आहे. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेला व्हाइटहॉल अभ्यास. हार्ट ॲटॅक मोठ्या साहेबांना येतात असं आपण समजतो. तिथे उलट निघालं, सगळ्यात खालच्या पायरीवरच्या निरोप्या-दारवानांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या तिप्पट होतं. सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळं धरूनही अंतर पुरतं मिटेना. पुढच्या अभ्यासात एक गोष्ट ठळक झाली, ती म्हणजे स्वतःच्या कामावर माणसाचा स्वतःचा ताबा किती. अमेरिकेत रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्येच म्हटलं होतं, की नुसतं काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही, काम जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही, या जोडीने मोडतो. कॅश काउंटरचं याहून नेमकं वर्णन कुणी करू शकेल असं वाटत नाही. जेवायला कधी उठायचं हेसुद्धा रांग ठरवते.

आता आमच्या शाखेतल्या एका बिहारच्या मुलाबद्दल. २०११ पासून बँकांची भरती एका सामाईक परीक्षेतून होऊ लागली, तेव्हापासून कुठलं पोर कुठे जाऊन पडेल याचा नेम राहिला नाही. हा दरभंग्याचा. पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणून पहिलं पोस्टिंग मराठवाड्यातल्या आमच्या शाखेत. बियाण्यांच्या दुकानावर एका खोलीत राहायचा. हुशार आणि कष्टाळू. एका वहीत त्याने देवनागरीतच शब्द लिहून काढले होते, सातबारा, आठ-अ, फेरफार, बोजा, आणेवारी, आणि प्रत्येकापुढे हिंदीत अर्थ. म्हातारे शेतकरी त्याला ‘भय्यासाहेब’ म्हणायचे.

जानेवारीपासून त्याला वसुलीवर टाकलं होतं. रोज मोटरसायकलवर चार गावं. थकबाकीदाराच्या ओट्यावर बसून, धड न येणाऱ्या भाषेत, पैसे मागायचे. लोक पाणी द्यायचे, चहा द्यायचे, पैसे नाहीत असं हात जोडून सांगायचे. संध्याकाळी व्हीसीत विचारणा व्हायची, आज किती?

लक्षात आलं ते मला नाही, शिपाईमामांना. एका दुपारी केबिनमध्ये येऊन, दार लोटून घेऊन ते म्हणाले, “मॅडम, भय्यासाहेब डबा खाईनात. फडक्याची गाठ सोडत्यात, जरा वेळ बघत्यात, अन् परत बांधत्यात. तीन-चार दिस झालं.”

केबिनमध्ये बोलावून ‘काय झालंय तुला?’ विचारलं असतं तर “कुछ नहीं मॅम” एवढंच मिळालं असतं. खुर्चीसमोर उभं राहून कुणी खरं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी वसुलीला मी त्याच्याबरोबर जीपने गेले. रस्ता खराब, दोघांची नजर समोर, त्यात बोलणं सोपं जातं. परतीच्या वाटेवर तो बोलला. झोप लागत नाही. सकाळी बूट घालताना उलटी येते. नोकरी सोडली तर घरी तोंड काय दाखवू, बहिणीचं लग्न ठरलंय. आणि मग अगदी हळू, “मॅम, मन करता है गाडी कहीं ठोक दूँ, तो छुट्टी तो मिलेगी.”

जीप चालवणारा मुलगा आरशात माझ्याकडे बघू लागला. मी भय्यासाहेबाला सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेलं शिरतं ही समजूत चुकीची आहे, डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं सांगतायत. तो म्हणाला, कधी कधी. त्या रात्री अण्णांनी त्याला आपल्या घरी नेलं, जेवायला म्हणून, आणि ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञाकडे मी सोबत गेले.

मग होळी. बिहारच्या माणसाला होळीला घरी जायचं असतं आणि होळी हमखास मार्चमध्ये. बँकेत मार्चमध्ये रजा मागणं म्हणजे लग्नाच्या मांडवातून नवरदेवाने सिनेमाला जाण्यासारखं आहे. मी रजा दिली. वसुली काढून घेतली आणि तिचे दोन वाटे केले, एक माझ्याकडे, एक दुसऱ्या ऑफिसरकडे, तो महिनाभर माझ्याशी तुटकपणे बोलत होता, आणि त्याचंही बरोबरच होतं. वरून फोन आला. “मार्चमध्ये पीओला सुट्टी? शाखेत काय धर्मशाळा उघडलीय?” मी म्हटलं, आजारी आहे, सर्टिफिकेट पाठवते. त्याच्या परवानगीने त्यावर खरा आजार लिहिलेला होता, पण पाकीट बंद करून ‘गोपनीय’ लिहून थेट रजा मंजूर करणाऱ्या साहेबांच्या नावाने धाडलं. तो कागद माझ्या टेबलावरून गेला तरी माझ्या टेबलाचा नव्हता.

तो परत आला तेव्हा ठणठणीत झाला होता असं नाही. वर्षभर गोळ्या चालू होत्या, काही दिवस फार वाईट गेले. कामाच्या ताणाने असं रितं होऊन जाण्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नाही, कामाच्या जागी निर्माण होणारी अवस्था म्हणून. मला ते पटतं. गोळीने त्याला झोप आली. वसुली कुणी काढून घेतली नसती तर ती झोप उतरायला आठवडा लागला नसता.

‘लाड केले की डोक्यावर बसतात’ असं माझे अनेक सहकारी म्हणत. बसतातही. कॅशची पाळी आली की नेमका ताण येणारा एक महाभाग आमच्याकडे होता, आणि त्याचं काम उचलून उचलून इतरांना खरा ताण आला. त्याला मी लेखी मेमो दिला आहे. पण खरा कोण आणि खोटा कोण हे दरवेळी ओळखता येतं असा दावा मी करणार नाही. अशा एकाने फसवलं तर दोन दिवसांची कामं बिघडतात. दुसरीकडे चूक झाली तर ती दुरुस्त करायला माणूस उरत नाही.

मॅनेजरने डॉक्टर व्हायला मात्र जाऊ नये. मन मोकळं करायला लावून, उपदेश करून, वर स्वतःच्या कष्टांच्या कहाण्या सांगून समोरच्याला आणखी थकवणारे प्रेमळ साहेब असतात. ऐकावं, कामात काय बदलता येईल ते बदलावं, आणि पुढचं जाणकाराकडे सोपवावं. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात. तो नंबर मी नोटीस बोर्डावर लावला नाही. तिथे उभं राहून कोण उतरवून घेणार? जेवणाच्या खोलीत लावला, गॅसच्या शेगडीवर, जिथे चहा उकळेपर्यंत प्रत्येक जण एकटा उभा असतो.

राहता राहिला स्वतः मॅनेजर. स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात, एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. भाच्याच्या लग्नात मी पैठणी नेसून मिरवत होते तेव्हा पर्समध्ये बँकेची चावी होती, आणि अक्षता टाकताना एक हात पर्सवर होता. रजेवर जायचं तर चावी रीतसर, सह्या करून दुसऱ्याला द्यायची, त्यासाठी दुसरा अधिकारी हवा, तो नसतोच. म्हणून मॅनेजर रजेवर जात नाही.

आणि मग गंमत अशी, की रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये सांगितलं, संवेदनशील जागेवरच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा, अचानक, सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवा. त्या काळात त्याला बँकेच्या कामाशी संबंध ठेवू देऊ नका, फार तर ऑफिसचं ईमेल. हे काळजीपोटी नव्हे हं, संशयापोटी. माणूस खुर्चीतून उठला की त्याने केलेले घोटाळे बाहेर पडतात, म्हणून. माझ्या अख्ख्या नोकरीत मन थाऱ्यावर आणणारा सगळ्यात परिणामकारक नियम हा होता आणि तो अफरातफर पकडण्यासाठी केलेला होता. माझा आयडी बंद झाला, चावी गेली, ग्रुपवर ‘निल’ टाकायचं कुणी सांगेना. मी माहेरी जाऊन दुपारी झोपा काढल्या. शाखा व्यवस्थित चालली, हे कळल्यावर थोडा अपमान वाटला एवढंच.

दरभंग्याचा तो मुलगा आता उत्तरेत एका शाखेचा मॅनेजर आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. लॉगिन डे होता म्हणे, दिवसभर ग्रुपवर दर तासाला तो स्वतःच ‘निल’ टाकत होता, स्टाफला ग्रुपमध्ये घेतलेलंच नाही. “गालियाँ मैं सुन लेता हूँ मॅम, आधे घंटे की बात है. उनको काउंटर चलाना है.” मी विचारलं, आणि तू कुणाला सांगतोस? तर त्याच्या बॅचच्या सहा मॅनेजरांचा एक वेगळा ग्रुप आहे, तिथे आकडा टाकला की दंड, सगळ्यांना समोसे. डॉक्टरांकडे वर्षातून एकदा जाऊन येतो. प्रमोशनचं अजून काही नाही, बघू म्हणाला.

मग त्याला आठवलं, की नोव्हेंबर चालू आहे, आणि त्याने मॅनेजरच्या आवाजात विचारलं, “मॅम, आपका लाइफ सर्टिफिकेट जमा हुआ कि नहीं?”